कमिटीकडे राहिलेला फोटो

हे सांगायचं मी चाळीस वर्षं टाळलं. मधे दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा स्वतःच्या सोयीचं तेवढंच लिहून उठलो.

जेवणाची सुट्टी झाली की तो माणूस डबा पुसून ठेवायचा, टेबलावर चार-पाच वॉशर मांडायचा आणि खिशातून बेअरिंगचा छर्रा काढायचा. वॉशर म्हणजे हिंदी महासागरातली बेटं, छर्रा म्हणजे फुटबॉल. छर्रा या बेटावरून त्या बेटावर घरंगळत गेला की म्हणायचा, "बॉलला काय ठाऊक, कोनाचा देश केवढा?"

वसईच्या पाचूबंदरचा कोळी. आधी मालवाहू बोटीवर होता, मग ऐंशीच्या सुमारास वालीवच्या आमच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागला. एकदा त्याची बोट दुरुस्तीसाठी एका बंदरात अडकली होती, तेव्हा तिथे बेटाबेटांच्या देशांची फुटबॉल स्पर्धा चालली होती. त्यातल्या सगळ्यात लहान देशाच्या संघाला हा रोज पाणी द्यायचा, खेळाडूंच्या पोटऱ्या चोळायचा.

"शेवटच्या मॅचला आमी सहा गोल खाल्ले," तो अभिमानाने सांगायचा.

"आणि मारले किती, दादा?"

"एक पन नाय. पन गात गात घरी गेले रे!"

तुम्ही असता तर तुम्हीही त्याच्याभोवती बसला असता. सगळे बसायचे, मी सोडून. त्याआधी दर सोमवारी त्या टेबलावर माझे रविवारचे गोल चघळले जायचे. मी स्टोअरचा क्लार्क, पण आमच्या गावच्या संघाचा कप्तान. माझ्या डाव्या पायाचं नाव सातिवलीपर्यंत होतं. आता त्या पायाला कुणी विचारेना. सहा गोल खाणाऱ्यांचं कौतुक! मला डबा गोड लागेना.

भात कापून झालं की गावच्या सणाला आम्ही मोकळ्या शेतात बांबूचे गोल रोवून सामने खेळायचो. बक्षीस राजेळी केळ्यांचा घड. त्या वर्षी माझ्याच संघातले खेळाडू म्हणाले, "त्या बोटीवरच्या दादाला शिकवायला बोलावू." मी सणाच्या कमिटीला सांगितलं, "थापाड्या आहे तो. आधी पुरावा मागा."

दुसऱ्याच दिवशी त्याने मला एक फोटो आणून दिला. अकरा खेळाडू, मधोमध हा, आणि गोलकीपरचा हात याच्या खांद्यावर. सामना हरलेली माणसं, आणि सगळी हसत होती.

"एकच हाय, जपून ने. तूच दाखव. कप्तानाच्या हातून गेलेला बरा."

रविवारी मिस्साची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या पडवीत कमिटी बसली. फोटो माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात होता, पुस्तक मांडीवर.

"काय रे, दिलं का काही त्याने?" अध्यक्षांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

सोमवारी त्याने मला दारातच गाठलं. "दाखवलास?"

"दाखवला. कुणी ओळखलं नाही तुला. कमिटीने ठेवून घेतलाय."

तो जरा विचारात पडला. "खरं हाय. तवा मी बारीक होतो."

दादाकडे पुरावा नाही, ही बातमी वर्कशॉपभर झाली. "काय बेटवाले, आज किती खाल्ले?" सुरुवातीला तोही हसला. मग एका दुपारी छर्रा माझ्या स्टोअरच्या खिडकीत ठेवून म्हणाला, "जमा करून घे." त्यानंतर टेबलावर वॉशर कधी मांडले गेले नाहीत.

सणाला आम्हीच जिंकलो. मिरवताना माझ्या खांद्यावर केळ्यांचा घड होता, हात कुणाचाच नव्हता.

पुढे फादरांजवळ पापाची कबुली दिली. त्यांनी प्रायश्चित्त एकच सांगितलं: फोटो परत दे आणि खरं सांग. त्यालाही मी काही वर्षं लावली. मग एका सकाळी फोटो खिशात घालून, केळी घेऊन पाचूबंदरला गेलो. तो ओट्यावर जाळं विणत होता. केस पांढरे झाले होते.

वहिनी चहा घेऊन आल्या. "तुमी याच्याबरोबर कामाला होता ना? जल्मभर बेटांच्या गप्पा ऐकल्या याच्या. एक फोटो तरी दाखवावा मानसानं!"

"कमिटीकडं हाय गो," तो जाळ्यावरची नजर न काढता म्हणाला. "विचार याला."

दोघं माझ्याकडे बघू लागली.

"हो वहिनी," मी म्हणालो, "कमिटीकडेच आहे."

पुढच्या सणाआधी तो गेला. फोटो अजून त्याच पुस्तकात आहे, आणि गोलकीपरचा तो हात बघून आजही माझ्या पोटात तसंच दुखतं. त्या दिवशी पाचूबंदरच्या वाटेवर एक वाक्य मी पाठ करत गेलो होतो. ते तसंच्या तसं आठवतं: दादा, फोटो कमिटीने पाहिलाच नाही, मी तो दाबून ठेवला, मला माफ कर.