पडवीचा मक्ता

आमच्या घराची पडवी गास गावाच्या रस्त्याला लागून आहे आणि बरीच वर्षं तिच्यात बालवाडी भरायची. बालवाडी हा माझा शब्द. गावात तिला नाव नव्हतं. ‘पोर बाईंकडे जातं’ एवढंच म्हणायचे. लग्न होऊन आले तेव्हा शिकलेल्या सुनेने नोकरीला बाहेर पडावं की नाही यावर घरात पुष्कळ खल झाला आणि शेवटी सासऱ्यांनी मधला मार्ग काढला, पडवीत बस. मी बसले ती बसलेच.

शाळेत शिकवण्यासारखं फारसं काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. गाणी, गोष्टी, चिंचोके, रंगीत खडू. मला एकच गोष्ट चांगली येत होती, रडणारं मूल रुळवणं. नवं मूल आलं की सोबत त्याची आजी यायची, पण रिकाम्या हाताने नाही. मोड आलेले वाल परातीत घेऊन यायचं आणि पडवीत बसून सोलायचे. मूल आजीला चिकटून बसायचं आणि बसल्या बसल्या वाल सोलायला लागायचं. दाबल्यावर वाल सालातून टुणकन उडाला की हसायचं, आणि तो उडालेला वाल आणायला दुसरं मूल धावायचं. मग आजी पायरीवर सरकायची, दोन दिवसांनी अंगणातल्या जांभळाखाली, मग गेटपाशी. शेवटी आजी नसायची, परात तेवढी असायची, आणि ते कुणाच्या लक्षातही यायचं नाही. त्या आठवड्यात त्या घरात रोज बिरडं. नवरे कंटाळायचे.

मागच्या आळीतल्या आजीने तर तिन्ही नातवंडं अशीच रुळवली. भातशेतीतली बाई, हात दगडासारखे, पण वाल असा सोलायची की डाळिंबी अख्खी बाहेर. चौथी नात झाली तेव्हा म्हणाली, “बाय, परात तयार ठेव गो. हिला पन तुझ्याकडंच आननार.”

दरम्यान नालासोपाऱ्याच्या बाजूने इमारती वाढत आल्या. तिथले आईबाप स्कूटरवरून यायचे, पडवीकडे बघायचे, विचारायचे, “मॅम, कौनसा ब्रँड है?” मी म्हणायचे, ब्रँड नाही, मीच आहे. ते हसून निघून जायचे. गावातल्या सुनाही हळूहळू त्यांच्याच मागे गेल्या. मुलं कमी कमी होत गेली.

तेव्हा माझ्या मुलाने तो शब्द घरात आणला. फ्रँचायझी. मला तो क्रिकेटच्या बातम्यांतून माहीत होता, खेळाडूंचा लिलाव करणारे ते. शिवाय स्टेशनबाहेरचे एकसारख्या पाट्यांचे चहावाले. मुलगा म्हणाला, “आई, नाव कंपनीचं, शाळा तुझी.” मला हे उलटं वाटलं, म्हणून सासऱ्यांचा जुना शब्दकोश काढला. त्यात पहिला अर्थ होता मताधिकार. पुढे सनद, सवलत, खास हक्क, आणि सगळ्यात शेवटी मूळ अर्थ म्हणून बंधनातून मुक्तता. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सासरे असते तर त्यांनी कोश उघडलाच नसता. त्यांच्याकडे यासाठी सरळ शब्द होता, मक्ता. होडीचा मक्ता, बाजाराचा मक्ता, ताडीचा मक्ता. कोण देतो, कोण घेतो आणि शेवटी खातो कोण, हे त्या शब्दात लपत नाही.

मुलाला मी तसं म्हटलं. तो वैतागला. “तू ना, प्रत्येक गोष्टीचा कीस पाडतेस.” करारावर माझी आणि त्याची, दोघांच्या सह्या झाल्या. आपल्याच घराच्या पडवीसाठी मी लोकांची परवानगी घेतली आणि वर पेढे वाटले.

पडवीला काचेचं सरकतं दार लागलं. भिंतीवर दात दाखवणारा सिंह आला. कंपनीच्या देखरेखीच्या मॅडम पहिल्याच आठवड्यात आल्या आणि परातीपुढे थांबल्या. “मॅम, हे अलाऊड नाही. मुलांच्या घशात अडकू शकतं. आणि ही लेडी कोण?” ती लेडी म्हणजे कुणाची तरी आजी. तिला उठवावं लागलं. कंपनीची पद्धत होती की मूल दारात घ्यायचं, दार लावायचं, रडणं थांबलं की ॲपवर हसरा फोटो टाकायचा. मूल रडून रडून दमायचं आणि दमलेलं मूल फोटोत शांतच दिसतं. रोज असा एक तरी फोटो लागायचा. मी काढत राहिले.

वर्षाकाठी कंपनीच्या सगळ्या केंद्रांच्या बायकांना हायवेजवळ, गोखिवऱ्याच्या बाजूला एका हॉटेलात जेवण असायचं. तिथे मी धीर करून उभी राहिले आणि आज्यांचं, परातीचं, पायरीचं सगळं सांगितलं. म्हटलं, आपण मत घेऊ या, हात वर करा. माईकवाला तरुण म्हणाला, “मॅम, इथे व्होटिंग नसतं, सजेशन असतं.” पण टाळ्या पडल्या. देखरेखीच्या मॅडम मोबाईलवर माझं बोलणं टिपून घेत होत्या. मला वाटलं, चला, कुणीतरी ऐकलं.

ऐकलं होतं खरंच. पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत नवा धडा आला, ‘ग्रँडमा टाइम’. आजीने आधी आत बसायचं, मग दाराशी, मग बाहेर. सोबत एक डबा, त्यात वालांच्या जागी हिरव्या प्लॅस्टिकच्या बिया. मी मूर्ख, खूश झाले. मागच्या आळीतल्या आजीला बोलावून धडा दाखवला. तिने डबा हलवून बघितला आणि परत दिला.

मग कराराची मुदत संपली. कंपनीला आता पडवी नको होती. मेन रोडला नव्या इमारतीच्या तळमजल्यावर एसी जागा तयार होती आणि ती चालवायला दुसरी बाई. मला आधी हलकंच वाटलं. सिंह खरवडून काढायचा, परात घासायची आणि उद्यापासून पोरं पुन्हा बाईंकडे. मग मुलाने करार पुढे केला आणि एका कलमावर बोट ठेवलं. मुदत संपल्यावर काही वर्षं या पंचक्रोशीत मी लहान मुलांचा कोणताही वर्ग घ्यायचा नाही. आणि करार चालू असताना केंद्रात वापरलेली प्रत्येक पद्धत कंपनीची. म्हणजे परात त्यांची. पायरीवर सरकणारी आजीसुद्धा त्यांचीच.

ओळखीचे वकील म्हणाले, हे कोर्टात टिकणार नाही, लढा. पण कागदावर मुलाचीही सही आहे, दावा लागला तर त्याच्यावरही लागणार, त्याला दोन लहान पोरं आहेत, त्याचा चेहरा बघून मी गप्प बसले. लढायचं असतं तर त्या पहिल्या आजीला उठवलं त्या दिवशी लढायला हवं होतं. आता कसलं लढते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी महापालिकेचं मतदान आलं. रांगेत माझ्याच हाताखालून गेलेल्या मुली आपापली पोरं कडेवर घेऊन उभ्या. “बाई, कधी सुरू करताय?” मी म्हटलं, बघू, गुडघे दुखतात. आत गेले, बटण दाबलं, बोटाला शाई लावून बाहेर आले. एवढ्या मोठ्या शहराचा कारभार कुणी करावा, यात मला मत आहे. माझ्या पडवीत कुणी बसावं, यात नाही. घरी येऊन मी शब्दकोश पुन्हा माळ्यावर टाकला.

जूनमध्ये मागच्या आळीतल्या आजीची चौथी नात मेन रोडच्या शाळेत जायला लागली. ‘ग्रँडमा टाइम’ला आजीला बोलावणं होतं. ती इस्त्रीचं लुगडं नेसून गेली. परत येताना थेट माझ्या पायरीवर येऊन बसली, नात मांडीत. पोरीचे डोळे सुजले होते. तो प्लॅस्टिकच्या बियांचा डबा आजीच्या मांडीवर ठेवून शाळेवाल्यांनी फोटो काढला आणि आजीला लगेच बाहेर जायला सांगितलं होतं.

“बाय,” आजी म्हणाली, “त्या वालांना सालच नाय गो. सोलू काय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आली. डोक्यावर परात, परातीत मोड आलेले वाल, वर ओलं फडकं. “साळा नको घेऊ,” ती म्हणाली. “नुसती बस. आमी बसतो. कोन काय बोलंल?” पोर आधीच पडवीत शिरून माझ्या जागेवर बसली होती. मागोमाग शेजारच्या घरातली दोन मुलं कुंपणाशी येऊन उभी राहिली. त्यांच्यातल्या एकाची आई रस्त्यावरून मोबाईल वर धरून हसत म्हणाली, “बाई, चालू केलं? ग्रुपवर टाकते हां!”

ग्रुपवर पडलं की ते कंपनीच्या मॅडमपर्यंत जाणार. मी पोरीला उचललं आणि आजीच्या कडेवर दिलं. म्हटलं, “आज नको.” परात पायरीवरच होती. मी आत आले आणि ते काचेचं दार ओढून घेतलं.

पोर काचेवर हात आपटत होती. बाहेरून आजीचा आवाज येत होता, “नको गो माझे बाय, बाईंना बरं नाय.”