सरांची उडी

आमच्या गावाला चालायला सरांनी शिकवलं. आईबापांनी आम्हांला फक्त उभं केलं. डावा पाय कधी, उजवा कधी, पाठ किती ताठ ठेवायची आणि चारचौघांतून जाताना मान खाली का घालायची नाही, हे सगळं सरांचं. विरारच्या बाजारात एखादा पाठमोरा माणूस हातात मेथीची जुडी घेऊन मिरवणुकीत चालल्यासारखा चालत असेल, तर तो आमच्या नंदाखालच्या बाजूचा आणि सरांच्या हाताखालून गेलेला, हे मी छातीठोक सांगते. आजवर एकदाही चुकलेले नाही.

शाळेत ते गणित शिकवत आणि शाळा सुटली की बँड. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं त्यांना कधी वाटलंच नाही. अपूर्णांक ते ढोलावर शिकवत. एकाने पूर्ण ठोका द्यायचा, दुसऱ्याने अर्धा, तिसऱ्याने पाव, आणि सगळ्यांनी मिळून एकाच वेळी थांबायचं. शेजारच्या वर्गात इतिहासाच्या बाई पानिपत शिकवत असल्या तर त्यांना आयतं रणवाद्य मिळायचं. बेरजेत हातचा विसरणारा मुलगा त्यांच्या लेखी दरोडेखोराच्या जेमतेम एक पायरी वर होता. "हातचा कुठे गेला?" असं म्हणत ते कान असा पिळत, की हातचा तिथेच लपलाय आणि पिळल्यावर बाहेर पडेल अशी त्यांची खात्री असावी.

त्यांचा स्वतःचा कान म्हणजे तर गावाला जाच होता. शेजारणीच्या कुकरची शिट्टी उतरलीय म्हणून त्यांनी तिला नवं रबर आणून दिलं होतं. एकदा आगाशीहून येताना रिक्षाचा भोंगा त्यांना सोसला नाही. घराशी उतरल्यावर त्यांनी रिक्षावाल्याला आत नेलं, चहा पाजला आणि पाना घेऊन तो भोंगा खोलून, पिळून, मनासारखा बोलेपर्यंत सोडला नाही. रिक्षावाला उत्तरेकडचा, नुकताच आलेला. पुढे कित्येक वर्षं तो आमच्यापैकी कोणी भेटलं की विचारायचा, "सरजी ठीक हैं ना? हॉर्न एक बार दिखाना है."

बँडमध्ये घेताना ते पोराचा गळा, आवड, काहीही पाहत नसत. दात पाहत. पुढचे दात धड असतील तर फुंकायचं वाद्य, पडलेले असतील तर ढोल. मला त्यांनी चौथीत "आ कर" म्हटलं आणि ट्रम्पेट हातात दिला. तोवर गावात मुलीच्या जातीने ट्रम्पेट धरला नव्हता. दुसऱ्या दिवशी आई तरातरा शाळेत आली. "सर, पोरीनं फुंकायचं? उद्या कोन करील हिच्याशी लगीन?" सर शांतपणे म्हणाले, "वहिनी, ती चूल फुंकते तेव्हा तुम्ही हे विचारलं नाहीत." आई निरुत्तर होऊन परत आली. आमच्या घरात ही घटना पुन्हा कधी घडली नाही.

पण सरांचं खरं नाव झालं ते लग्नाच्या मार्चमुळे. आमच्याकडे नवरा-नवरीला घरून देवळापर्यंत वाजतगाजत नेतात. चर्चला आमची जुनी माणसं देऊळच म्हणतात. त्या वाटेवर वाजवायची एक परदेशी चाल सरांनी लहानपणी मामाच्या ग्रामोफोनवर ऐकली होती. तबकडी फुटेपर्यंत ऐकली, आणि मोठेपणी नुसत्या आठवणीवर सगळ्या वाद्यांसाठी बसवली. या चालीत मधेच एक मात्रा कमी होती. आता मार्चमध्ये एक मात्रा कमी म्हणजे डाव्याची पाळी उजव्यावर येते. दुसरी माणसं तिथे अडखळली असती. आमच्या गावाने तिथे एक बारीकशी उडी घेतली. अख्खी मिरवणूक, नवरीच्या पांढऱ्या झग्यापासून काठी टेकत येणाऱ्या आजोबांपर्यंत, एकाच क्षणी किंचित वर उडायची आणि पाय बदलून पुढे चालू लागायची. तिला आम्ही सरांची उडी म्हणायचो. राजोडीला समुद्रावर फिरायला निघालेले साताऱ्याकडचे एक पाहुणे गाडी थांबवून हे बघत राहिले. "हितं रस्त्याला खड्डा हाय व्हय?" त्यांनी विचारलं. "नाय हो, आमची पद्धत हाय," माझी आई म्हणाली. चालीच्या पुढच्या फेरीला पाहुणे बायकोसकट उडाले. तालुक्यातल्या दुसऱ्या बँडांनी ही चाल उचलायचा प्रयत्न केला आणि त्यांची माणसं एकमेकांच्या पायांत आली, याचा आम्हांला केवढा अभिमान!

मग बोटीवरच्या बँडमध्ये नोकरीला लागलेला आमचा सॅक्सोफोनवाला रजेवर आला. कुठल्याशा बंदरात त्याने हीच चाल एका मोठ्या बँडकडून ऐकली होती. मोबाइलवर भरून घेऊन त्याने ती सरांसाठी भेट म्हणून आणली. सर डोळे मिटून ऐकत होते. उडीच्या जागी त्यांनी डोळे उघडले. "परत लाव," म्हणाले. परत ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं. तिथे मात्रा होती. चांगली ठणठणीत, भरलेली. म्हणजे मामाच्या तबकडीवर ओरखडा होता, तिथे सुई उडी मारायची, आणि ती उडी सरांनी चाल म्हणून जपली होती.

आम्ही हसून हसून लोळलो. सर हसले नाहीत. "हातचा राहिला," एवढंच म्हणाले. आम्हांला जी गंमत वाटत होती तिने त्या माणसाची झोप उडवली होती. आपण आयुष्यभर पोरांचे कान पिळले आणि स्वतः अख्ख्या गावाला चुकीचं शिकवलं, हे त्यांच्या आत कुठेतरी लागलं. मरण्याआधी ही चूक दुरुस्त करायची, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला.

त्यांनी बँडकडून बरोबर चाल घोटून घेतली आणि माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात पहिल्यांदा वाजवली. आम्ही सुरेख वाजवली. पण गावाच्या पायांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्या जागी सगळे सवयीने उडाले, बँड सरळ पुढे गेला, आणि मिरवणुकीचे पाय बँडच्या उलटे पडू लागले. मागचे पुढच्यांच्या टाचांवर चढले. नवरदेवाचा बूट निघाला, करवली फादरांवर आदळली. आई गर्रकन वळली आणि सगळ्यांच्या देखत ओरडली, "सर, तुमचा बँड चुकला!" सरांना असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. आणि म्हटलं तेव्हा ते जन्मात पहिल्यांदा बरोबर वाजवत होते.

त्यानंतर त्यांनी शाळेच्या मैदानावर रविवारी गावाचे चालण्याचे वर्ग घेतले. पंचाहत्तरीचे सर कमरेवर हात ठेवून, "आता सरळ! सरळ!" असे ओरडत आणि त्यांच्याच वयाच्या बाया-बाप्ये पोट धरून हसत आणि हमखास उडत. "सर, मन ऐकतंय, पन पाय ऐकत नाय," असं आई म्हणायची. वर्ग बंद पडले. मग सरही अंथरुणाला लागले. आम्ही बँडवाले भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. वर्गातलं छापील मराठी सोडून ते घरच्या बोलीत म्हणाले, "मी गेल्यावर रडकं काय वाजवू नका. तोच मार्च वाजवा. पन बरोबर वाजवा. माझी चूक माझ्यासंगती मातीत जाऊ दे." आम्ही शब्द दिला. त्यांना शब्द दिला आणि पाळला नाही असं आमच्यात तोवर कोणी नव्हतं.

सर गेले तेव्हा बोटीवरचा सॅक्सोफोनवाला योगायोगाने गावातच होता. वाजवायचं सोडून त्याने शवपेटीला पुढून खांदा दिला. बाकीचे खांदेकरीही सरांचेच विद्यार्थी. केळीच्या वाड्यांमधल्या त्या अरुंद रस्त्यावर मावेना इतकी माणसं होती. आमच्या आळीतली, आगाशीची, विरारच्या नव्या इमारतींतली, आणि कडेला रिक्षा लावून उतरलेला तो रिक्षावाला. आम्ही मार्च सुरू केला, संथ, आणि एकेक सूर जपून. ती जागा आली. आम्ही मात्रा वाजवली. अगदी पुरती, सरांना हवी तशी.

आणि पेटी उडाली.

खांदेकरी उडाले, त्यांच्याबरोबर सर चांगले चार बोटं वर गेले आणि अलगद खाली आले. मागे अख्खा रस्ता उडाला. शेकडो पाय एकदम जमिनीवर आल्याचा धप्प आवाज मी पाठीमागून ऐकला. कोणी हसलं नाही, कोणी बावरलं नाही. रडत रडत सगळ्यांनी पाय बदलला. माझा ऊर असा भरून आला की ट्रम्पेटमध्ये फुंकायला वारा उरेना. जगातल्या कुठल्या मास्तराचा धडा गावाच्या टाचांत इतका खोल गेलाय, मला दाखवा!

दुसऱ्या फेरीला ती जागा आली तेव्हा मी ती मात्रा सोडली. मी कोणाला खूण केली नाही, कोणाकडे पाहिलं नाही. ढोलानेही सोडली, क्लॅरिनेटनेही सोडली. बँड, पेटी आणि गाव एकदमच उडालं आणि एकदमच पुढे चालू लागलं. देवळाच्या पायऱ्यांपर्यंत आम्ही ती चाल तशीच वाजवली.

माती देऊन परतताना सॅक्सोफोनवाला माझ्या शेजारी चालत होता. तो म्हणाला, "शब्द मोडला आपण. सर जाम चिडले असते."

"चिडू देत," मी म्हटलं.

चिडायला म्हणून तरी उठले असते, तर किती बरं झालं असतं.