मास्तरांच्या प्रार्थनेतला समुद्र

वारूळवाडीच्या सावळाराम मास्तरांकडे दर रविवारी दहा-बारा ख्रिस्ती माणसे जमतात. मास्तर आधी एखाद्या जुन्या भक्ताचे चरित्र सांगतात, मग डोळे मिटून प्रार्थना करतात. प्रार्थना स्वतःच्याच शब्दांत हवी, हा नियम त्यांनीच घातलेला. पाठ केलेली म्हटली म्हणून सखूबाईंना त्यांनी एकदा सर्वांदेखत थांबवले होते.

पत्नी रूथबाई गेल्या आणि मास्तरांचे शब्द आटले. वर्षभर ते जुन्या भक्तांच्या प्रार्थना पाठ करून आपल्या म्हणून म्हणत राहिले. हे उघडे पडले तर या माणसांत कोणत्या तोंडाने बसायचे, ही धास्ती त्यांना दर रविवारी असे.

एका रविवारी मोनिका या प्राचीन काळच्या ख्रिस्ती आईचे चरित्र होते. मुलाने रोमला जाऊ नये म्हणून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ती रडत प्रार्थना करत होती. मुलगा तिला चकवून जहाजात बसला. पुढे इटलीतच तो ख्रिस्ती विश्वासात आला; तिची खरी इच्छा तीच होती.

"तिने मागितले ते देवाने दिले नाही," मास्तर म्हणाले. "ज्यासाठी मागितले, ते मात्र..." ते थांबले. रूथबाईंच्या खाटेशी बसून त्यांनीही मागितले होते.

प्रार्थनेची वेळ झाली. पाठ केलेली पहिली ओळ ओठांवर आली, पण मोनिकेच्या रडण्यानंतर ती उच्चारवेना.

"वर्षभर मी तुम्हांला फसवलं," ते म्हणाले. "या प्रार्थना माझ्या नव्हत्या. रूथ गेल्यापासून मला प्रार्थना येतच नाही."

"आमाला ठावं व्हतं की, मास्तर," सखूबाई म्हणाल्या.

"कसं?"

"आदी तुमच्या प्रार्थनंत माजी म्हस असायची, भिकाचा गुडगा असायचा, उसातला बिबट्या असायचा. वरीसभर नुसता समुद्र न् वादळ. वारूळवाडीत कुठला आलाय समुद्र?"

"गुडगा तवापास्नं लई दुखतोय, मास्तर," भिका हसू दाबत म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"मला टोकलं व्हतं तवा लई लागलं व्हतं," सखूबाई म्हणाल्या. "तुमाला कशाला लागू द्यायचं? म्हना आता. दोन शब्द बास."

मास्तरांनी डोळे मिटले. पुष्कळ दिवसांनी छातीत श्वास पुरा भरला.

"प्रभू, घर फार रिकामं वाटतं," ते हळू म्हणाले. "भिकाच्या गुडघ्याला आराम दे. सखूबाईंच्या म्हशीला..."

"ती इकली," सखूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "तिची पारडी ठिवलीय. तिच्यासाटी म्हना."