साबिराबाईची गावं

साबिराबाई मणियारणीनं बांगडी भरावी अन् पोरीला कळूही नये, असा तिचा हात. मणियारांत गावं वाटलेली असतात; एकाच्या गावात दुसरा पाऊल टाकत नाही, अन् सोडलेलं गाव परत मागत नाही. लग्नाचा चुडा मणियारांनीच भरायचा, मग नवरी गोंडाची असो की कुणब्याची. नवरा गेल्यावर सिंदेवाहीभोवतीच्या या गावांवरच तिनं लेकरं वाढवली.

दोन हजार सातच्या सुमारास बसस्टँडजवळ 'बचतघर' उघडलं. नागपूरच्या कंपनीचं दुकान, असली दुकानं त्या कंपनीनं गावोगाव काढली होती. साड्या, बादल्या, साबण, सगळं स्वस्त. पण बांगड्यांकडे बाया फिरकेनात. खोक्यातली बांगडी हातात चढवणार कोण? मॅनेजर मोठा गोडबोल्या. खाला, खाला करत साबिराबाईच्या ओसरीवर येऊन बसला. दुकानात बसून बांगड्या भरा, जागा कायमची, म्हणाला. भोळी बाई! तिनं आपली गावं चार माणसांदेखत धाकट्या दिराला, मुश्ताकला, देऊन टाकली.

दोनेक वर्षं बरी गेली. मग मांडण्या रिकाम्या दिसू लागल्या, नवा माल येईना. कंपनी बुडून राह्यली काय, असं तिनं तोंडावर विचारलं. छे हो खाला, मोठा सेल लावतोय, तुमच्या गावच्या बायांना घेऊन या, असं तो म्हणाला. झालं! ही उन्हातान्हात गावोगाव फिरली. तिच्या शब्दावर बाया आल्या, बांगड्यांचे खोकेच्या खोके घेऊन गेल्या. हाताला साबण कसा लावायचा, अंगठा कसा मुडपायचा, हेही मॅनेजरच्या आग्रहावरून तिनंच त्यांना शिकवलं.

सेल संपला अन् शटरला कुलूप लागलं. मॅनेजरचा फोन बंद. मेल्यानं आपलं बिऱ्हाड सेलच्या आधीच नागपूरला हलवलं होतं!

लाज गिळून ती मुश्ताककडे गेली. तो काही वाईट माणूस नव्हता. "घे भाभी, तुझीच गावं हायेत," तो म्हणाला. "पण आता बांगड्या भरायले बोलावते कोन? मीच कोळशाच्या ट्रकवर कामाले घुग्घुसले जाऊन राह्यलो."

तिला पटेना. नीलाबाईच्या पोरीचं लग्न होतं, ती टोपली घेऊन मांडवात गेली. नवरीच्या हातात चुडा भरलेलाच होता.

"तुमी शिकवलं तसंच भरलं, साबिराबाई," नीलाबाई कौतुकानं म्हणाली. "एकबी पिचकली नाई."

साबिराबाईनं पोरीचा हात हातात घेऊन पाहिला. कुठंही खरचटलं नव्हतं.

"त्या मॅनेजरनं मले बुडवलं," ती म्हणाली, "अन् तेही माह्याच हातानं."