इसाकभाईंची लगोरी

इसाकभाई मशीन उघडायचे ते माझ्याकडे पाठ करून. सौदीतल्या अब्हाच्या इस्पितळात डायलिसिसची मशिनं दुरुस्त करणारे आम्ही दोघेच. ते दापोलीचे, मी महाडचा. पाच वर्षांत मला त्यांच्या शर्टावरचा घामाचा डाग तेवढा पाठ झाला. काही विचारलं की ठरलेलं उत्तर, "डोले हायत ना तुला? मंग बग." बघायला गेलं की हा माणूस आडवा. इतका खडूस इसम मी दुसरा पाहिला नाही.

त्यात सौदीकरण आलं. वर्षअखेरीला आमच्यातली एक जागा सौदी माणसाला जाणार होती. ज्याला काम येतं तो राहील, असं इसाकभाईंनी धरलेलं. "शिकवलां का खलास," ते म्हणायचे. माझी मुलगी तिथेच पाचवीत होती. मला झोप लागत नव्हती.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी तेच म्हणाले, "डोंगरावर येतंस काय? एकट्याच्या अंगावर माकडां येतात." वाटलं, म्हातारा विरघळला. गाडी खाली ठेवून आम्ही चढू लागलो. धड वाट नव्हतीच; खुणेसाठी गुराख्यांनी जागोजाग दगडावर दगड रचलेले, लगोरीसारखे. इसाकभाई पुढे, आणि प्रत्येक लगोरीला लाथ.

"अहो, का?"

"ज्याला वाट पायजे त्यानं हुडकावी."

माझं डोकं फिरलं. मुद्दाम मागे राहून मी एकेक लगोरी पुन्हा रचत गेलो, निव्वळ खुन्नस म्हणून.

दुपारी उतरायला लागलो तोच कड्याखालून धुकं वर चढलं आणि हातभरावरचं दिसेना. इसाकभाई मटकन बसले. "वाट गेली," म्हणाले. एवढा बारीक आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता. मी पुढे झालो. चाचपडत एक लगोरी सापडली, मग दुसरी. तिसरीपाशी ते थबकले.

"ही मीच पाडली व्हती."

"डोळे आहेत ना? मग बघा," मी म्हटलं. सांगायला लाज वाटते, पण फार बरं वाटलं.

आता तरी शिकवतील, ही माझी आशा. दुसऱ्या दिवशी मशीन उघडलं, पाठ तशीच. शेवटी पगार मोठा म्हणून त्यांचाच इकामा, तिथे राहायचा परवाना, वाढवला नाही. निरोप द्यायला मी गेलो नाही.

चुकतमाकत काम शिकलो. आता माझ्याही जागेवर सौदी माणूस येतोय. फहद, दोन मुलांचा बाप, सालस. काल मी मशीनवर वाकलेलो असताना तो मागून म्हणाला, "उस्ताद, जरा मला दिसू दे."

मी जागचा हललो नाही. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.