साल्व्हिया आणि कावळ्याला दिलेला शब्द

दुपारचं जेवण झालंय, डाव्या कुशीवर वळून झालंय आणि कालिंदीबाई माईणकरांचा डोळा लागायच्या बेतात आहे. या अवस्थेत माणूस ना धड घरात असतो ना धड झोपेत. बदली झालेल्या पण नव्या जागी रुजू न झालेल्या कारकुनासारखा मधेच कुठंतरी असतो. कालिंदीबाई आज इथं मुद्दाम आल्या आहेत. त्यांना नवऱ्याला गाठायचंय, आणि नवरा जाऊन चौदा महिने झाल्यामुळे भेटीची दुसरी सोय उरलेली नाही.

काम तातडीचं आहे. घराच्या पश्चिमेला, जिथं सांगलीचं ऊन अर्धा दिवस मुक्कामाला असतं, तिथं नवऱ्याच्या जुन्या वाफ्यात त्यांनी तो गेल्यावर साल्व्हियाची अकरा रोपं लावली. निळ्या तुऱ्यांची, वर्षानुवर्षं टिकणारी जात. गुडघे दुखणाऱ्या बाईनं करावी अशी ही बाग. नर्सरीवाली म्हणाली होती, "ऊन द्या, पाण्याचा निचरा होऊ द्या, फुलून गेल्यावर कात्री चालवा आणि मग खुशाल विसरून जा." अकरातली पाच कुजली. उरलेली सहा पिवळी पडलीत, कारण त्यांना कुणी विसरतच नाही.

विसरायचं कसं, शब्द गेलाय. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. मुलगा म्हणाला, आईला सांभाळीन. कावळ्यानं पाठ फिरवली. पुतण्या म्हणाला, घराचा बंगलाच राहील, अपार्टमेंट होणार नाही. कावळा पंख खाजवत बसला. दीड तासानं धाकटे दीर मुकुंदभावोजी हात जोडून म्हणाले, "दादा, तुझ्या बागेला वहिनी रोज पाणी घालतील, एक दिवस चुकणार नाही," आणि कावळा झडप घालून मोकळा झाला. वहिनी त्या वेळी घरी होत्या. आपण काय वचन दिलं ते त्यांना चहाच्या वेळी कळलं. तेव्हापासून मुकुंदभावोजी रोज पाचला स्कूटरवरून येतात आणि वहिनींचा हात आखडता आहे असं पाहून स्वतःच पाइप धरतात. त्यांना पुष्कळ सांगून झालं. उत्तर एकच: "शब्द ज्याला दिला त्यानं सोडवलं, तर माझी काही हरकत नाही, वहिनी."

पंखा घरघरतोय. घरघर हळूहळू पाण्याची होते. व्हरांडा लांबत जातो, त्याच्या भिंतींना फायली फुटतात, आणि हे पाटबंधारे खात्याचं कार्यालय आहे, जिथं श्रीनिवास माईणकरांनी एकतीस वर्षं काढली. टेबलांमागे साल्व्हिया बसलेत, पिवळे, मान टाकलेले. पूर्वी तिथं बसणाऱ्या कारकुनांपेक्षा फारसा फरक नाही. टोकाच्या खुर्चीत स्वतः श्रीनिवासराव, लेंगा-बंडीत. मांडीवर हिरवा पाइप, आणि त्यातून पाणी वाहतंय.

"आलीस? बस."

"कुठं बसू? सगळा चिकचिकाट केलाय. आधी ते बंद करा."

"कालिंदी, मी खात्यात जन्म घालवलाय. पाणी मिळालं नाही म्हणून मेलेली पिकं या डोळ्यांनी पाहिलीत."

"आणि मिळालं म्हणून मेलेली?"

"त्यांचा अर्ज कधी आला नाही."

"मग हा घ्या." कालिंदीबाईंच्या हातात मुळासकट उपटलेलं एक रोप आहे. श्रीनिवासराव चष्मा लावतात, काळं पडलेलं मूळ हुंगतात.

"कुजलंय."

"तुमच्या नावानं कुजलंय."

फरशी कुठं संपली ते कळत नाही. दोघं वाफ्याच्या कडेला उकिडवी बसलीत आणि कालिंदीबाईंचे गुडघे दुखत नाहीत. यावरून त्या काय ते ओळखतात, पण बोलत नाहीत. गेलेल्या माणसाला तोंडावर तसं सांगणं बरं दिसत नाही.

"या वाफ्यात तुम्ही गुलाब लावलेत, डेलिया लावलेत, कुठून कुठून कंद मागवलेत. रोज पाणी. काय आलं हाताला?"

श्रीनिवासराव वाफ्यातली माती चिमटीत घेऊन बघतात.

"चिखल," ते म्हणतात.

त्रेचाळीस वर्षांच्या संसारात कालिंदीबाईंनी इतका स्वच्छ कबुलीजबाब ऐकलेला नाही. त्या तो पुन्हा मागवून घेतात. "काय आलं म्हणालात?"

"चिखल आला. दोनदा कशाला विचारतेस?"

"मग मला त्या शब्दातून सोडवा. पाण्याच्या. घाटावर तुम्ही तोच मागितलात ना?"

"मी? मला हवं होतं ते दीड तासात कुणी बोललंच नाही. कावळा बिचारा भुकेला होता. शेवटी मीच म्हटलं, जा बाबा, जेवून घे."

"मग काय हवं होतं तुम्हाला?"

श्रीनिवासराव चष्मा काढून बंडीला पुसतात. "कुणीतरी विचारायला हवं होतं, कालिंदीला काय हवंय. मी कधी विचारलं नाही. म्हटलं, निदान घाटावर तरी विषय निघेल."

पाइपातलं पाणी वाहतंय. कालिंदीबाई पदर खोचतात.

"मला ही बाग कोरडी हवी आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग त्रेचाळीस वर्षांत कधी सांगायचंस की."

"सांगितलं होतं. तुम्ही पाणी घालत होता."

श्रीनिवासराव पाइप खाली ठेवतात. तेवढ्यानं जमिनीतून खडी वर येते, चिखल तिच्याखाली निमूट जातो, आणि सहाच्या सहा साल्व्हिया साहेब आल्यासारखे ताडकन उभे राहतात. निळे तुरे फायलींच्या कपाटांच्या वर जातात. मधमाश्या रजेवरून परतल्यासारख्या कामाला लागतात. श्रीनिवासराव कोपऱ्यातल्या नळाशी जातात, दोन्ही हातांनी तो धरतात आणि दातओठ खात आवळतात. मग थोडं थांबून आणखी एक पीळ देतात.

"आता धरण फुटलं तरी इथून थेंब यायचा नाही," ते म्हणतात, आणि पंखा पुन्हा पंख्यासारखा घरघरू लागतो.

पाचला स्कूटर वाजते. कालिंदीबाई पायरीवर हाताची घडी घालून बसल्या आहेत.

"वहिनी, नळ फिरत नाही."

"जोर लावा."

मुकुंदभावोजी जोर लावतात. मग रुमाल गुंडाळून लावतात. मग स्कूटरच्या डिकीतून पक्कड आणतात. पक्कड घसरते, नळ हलत नाही. ते उकिडवे बसून नळाकडे बघतात.

"काल मीच बंद केला होता. दोन बोटांनी." मग आवाज खाली येतो. "वहिनी, असा नळ आवळणारा माणूस या घरात एकच होता."

"हो."

"दादा येऊन गेला?"

"मघाशी, दुपारी."

"काही म्हणाला?"

"चिखल म्हणाले."

मुकुंदभावोजी पायातल्या वहाणा काढतात, नळाला नमस्कार करतात आणि पाइपची नीट वेटोळी करून खांद्यावर घेतात. निघता निघता वळतात. वचन पाळायची सवय अशी एका दिवसात सुटत नाही.

"मग आता बागेला काय घालायचं, वहिनी?"

"ऊन," कालिंदीबाई म्हणतात. "आणि तेही आपण घालायचं नाही."