पहिली भाकरी वर ठेवणाऱ्या बाई

मुखेडकरबाईंची आणि माझी पहिली भेट जामबागेतल्या आमच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, मधल्या सुट्टीत झाली आणि पहिल्या पाच मिनिटांतच मला त्यांचा राग आला. गौरवग्रंथात असं लिहायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. या ग्रंथाचा संपादक मीच आहे आणि बाकीच्या लेखकांना 'मोजकं, नेमकं आणि आदरानं लिहा' अशी पत्रं मीच धाडली होती. पण बाईंच्या एकसष्टीला खोटं लिहिलं, तर त्या भर सभेत उठून दुरुस्ती सांगतील. त्यापेक्षा खरं लिहिलेलं बरं.

मी तेव्हा पुण्याहून या तेलुगू-दखनी बोलणाऱ्या शहरात नुकताच आलो होतो. मराठी शिकवायचो. बाई गणित शिकवायच्या. त्यांनी डबा उघडला, तर आत ज्वारीच्या भाकरीचे वेडेवाकडे तुकडे आणि अंबाडीची भाजी. तो डबा त्यांनी सरळ माझ्यापुढे सरकवला. "घ्या लिमये सर. मोडलेली हाय, पण ज्वारी आमच्या शेतातली हाय." नव्या माणसाला मोडकी भाकरी पुढे करायची, ही कुठली रीत? माझ्या आईनं असली भाकरी पाहुण्याच्या नजरेलाही पडू दिली नसती. मी म्हणालो, "नको, माझं झालंय." बाई म्हणाल्या, "बरं, उद्या घ्या." दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा मोडकीच आणली.

पुढे कळलं की ती चूक नव्हती, तो बाईंच्या घरचा नियम होता. तवा नीट तापलेला नसतो म्हणा, पीठ नीट मळलेलं नसतं म्हणा, पहिली भाकरी बहुधा मोडते. कुठल्याही मराठी घरात ती दुरडीत सगळ्यांत खाली जाते आणि शेवटी घरची बाई ती मुकाट्यानं एकटी खाते. मुखेडकरबाई ती सगळ्यांत वर ठेवतात आणि जेवायला बसलेल्या प्रत्येकाला तिचा तुकडा मोडून देतात. मी एकदा वैतागून कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "मोडली तर मोडली. वर ठेवायची, सगळ्यांनी खायची. एकट्यानं खायची नाही."

बाई पळायला कशा लागल्या, याच्या निदान चार कथा आमच्या पळणाऱ्यांच्या मंडळात सांगतात. खरी एवढीच की बरकतपुऱ्याहून कोठीकडे येणारी बस स्टॉपवर कधी थांबत नसे. ती स्टॉपच्या अलीकडे थांबायची नाहीतर पलीकडे, आणि माणसांनी तिच्यामागं पळायचं. बाई रोज पळायच्या. एका सकाळी बस गर्दीत अडकली, बाई तिला मागं टाकून पुढच्या स्टॉपला पोचल्या आणि त्यांच्या मनात आलं, आता तिकीट कशाला काढायचं? तशाच पळत त्या शाळेत आल्या. पदर खोचलेला, चेहरा घामानं डबडबलेला, आणि पहिल्याच तासाला बीजगणित. त्या वेळी त्यांचं वय सत्तेचाळीस होतं. त्यानंतर पायांत पांढरे कॅनव्हासचे पीटी शूज आले आणि बाई रोज सकाळी पळू लागल्या. सुलतान बाजारातली भाजीवाली त्यांना 'परुगुला अम्मा' म्हणायला लागली. तेलुगूत परुगु म्हणजे धाव. बाईंना ही पदवी इतकी आवडली, की मुख्याध्यापकांनी दिलेलं प्रशस्तिपत्रक त्यांनी कुठं ठेवलंय ते त्यांनाही सांगता येत नाही.

ती वर्षंच पळापळीची होती. भिंतीभिंतीवर कॉम्प्युटर क्लासच्या जाहिराती रंगवलेल्या, दुकानांत परदेशी बूट, टीव्हीवर हृदय सांभाळणारी तेलं. शेजारच्या मुलाला अमेरिकेचा व्हिसा मिळाला की आपल्या घरात सुतक. अशा दिवसांत बाईंनी सकाळी पळणाऱ्यांचं मंडळ काढलं आणि त्याला एकच नियम केला: पुढं गेलेल्यानं मागं वळून यायचं, शेवटच्या माणसाला बरोबर घ्यायचं आणि त्याच्या गतीनं उरलेलं अंतर संपवायचं. म्हणजे जो जास्त जोरात पळेल त्याला दंड. मी हे त्यांना गणितानं पटवून द्यायला गेलो. बाई म्हणाल्या, "गणित माझं हाय सर. तुम्ही मराठी बघा."

मला या मंडळात ओढलं माझ्या साखरेनं. डॉक्टरांनी 'जरा जास्त आहे' म्हटलेलं मी हळूच एकाला सांगितलं, आणि मधल्या सुट्टीपर्यंत ते शिपायालाही ठाऊक होतं. बाई म्हणाल्या, उद्यापासून या. मी म्हटलं, थोडी तयारी करून येतो. नीट पळता येईपर्यंत लोकांसमोर पळायचं नाही, असं मी ठरवलं होतं. म्हणून महिनाभर घराच्या गच्चीवर स्टॉपवॉच घेऊन, तक्ता करून, गुपचूप सराव केला. खालच्या बिऱ्हाडानं घरमालकाकडे तक्रार केली, की वर रोज पहाटे कोणीतरी काहीतरी कुटतंय. घरमालकानं ती हकीकत बाईंना सांगितली आणि दुसऱ्या दिवशी बाई माझ्या दारात उभ्या. "काय करायलात सर? पळताना कोण तपासणार हाय तुम्हाला? लाल पेन घरी ठेवा अन् चला." मी गेलो, शेवटचा आलो, आणि मला न्यायला अकरा माणसं मागं वळून आली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

रविवारी पळून झालं की नाश्ता बाईंकडे. त्या घरात दूध, दही, तूप काही नाही. बाई ज्या घरात वाढल्या तिथं गोठ्यात सहा म्हशी, आणि बाईंना दूध पचत नाही हे त्यांना कळलं पन्नाशीला. "तोवर घराण्याची इज्जत म्हणून पीत होते," असं त्या सांगतात. मग त्यांनी सगळंच सोडलं आणि आम्हालाही सोडायला लावलं. भाकरी, अंबाडी, कच्च्या तेलातली जवसाची चटणी, मोड आलेली मटकी, आणि लिंबू पिळलेला कोरा चहा. हे सगळं उत्तम असतं, मान्य. पण बाईंना प्रयोगांची खोड आहे. एकदा शाळेच्या अध्यक्षांना नाश्त्याला बोलावून बाईंनी त्यांना शेंगदाण्याच्या दुधाची कढी वाढली. ती फुटली होती. वर त्या शांतपणे म्हणाल्या, "कढी फसलीय, पण पोटाला चांगलीय. घ्या." अध्यक्षांनी घेतली. मी मान खाली घालून बसलो होतो. शाळेची छपरं त्या वर्षी दुरुस्त व्हायची होती.

आणि हो, मी चोरून इराण्याकडे जात असे, हेही लिहून टाकतो. सुलतान बाजाराच्या तोंडाशी, दुधाचा दाट चहा आणि दोन उस्मानिया बिस्किटं. एक दिवस बशीतून डोकं वर काढलं, तर समोर बाई. त्या तशाच पुढं गेल्या. रविवारी मात्र सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सरांनी परवा इराण्याकडं खाल्लं. म्हणून आज जास्त पळायचं नाही, रोजच्याइतकंच. खाल्लं ते खाल्लं." त्यांनी चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

आता जे लिहायचं आहे ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. एका वर्षी नववीच्या वार्षिक परीक्षेत जयश्री नावाची विद्यार्थिनी माझ्या विषयात नापास झाली. निकालानंतर पंधरा दिवसांनी बाईंनी तिचा पेपर सहज चाळला आणि बेरीज केली. एका पूर्ण प्रश्नाचे गुण मी धरलेच नव्हते. मी, ज्यानं आयुष्यभर इतरांच्या चुकांवर लाल रेघा ओढल्या. मी ठरवलं की कचेरीतून गुपचूप नवं निकालपत्रक काढायचं आणि त्यावर 'कार्यालयीन दुरुस्ती' असा शेरा मारायचा. बाई म्हणाल्या, "सर, ती पोरगी पंधरा दिवस घरात रडायलीय. बाप तिचं नाव शाळेतून काढायला निघालाय. तिला कार्यालयानं नापास केलं नाही, तुम्ही केलं. चला."

जयश्रीचे वडील शिंपी. गळ्यात टेप, समोर मशीन. मी लांबण लावायला सुरुवात केली, तशी बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग मी म्हणालो, "माझी चूक झाली. तुमची मुलगी पास आहे." ते मराठी माणूस, पण दुकानात सारा जन्म दखनी बोलण्यात गेलेला. म्हणाले, "होता साब. कपडा मैं भी गलत काटता. बैठो, चाय पीको जाव." पडद्यामागून जयश्री बाहेर आली आणि म्हणाली, "सर, मला वाटलं मला मराठी येतच नाही." मला तिच्याकडे बघवेना. चहा आला, दुधाचा. मी बाईंकडे पाहिलं. त्या घरात तो कप नाकारणं त्यांना बरं दिसलं नाही. त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत घेतला आणि दुपारभर शाळेत पोट धरून बसल्या. ती जयश्री आज आमच्या मंडळात आहे आणि मला न्यायला मागं वळून येणाऱ्यांत सगळ्यांत पुढं असते.

इथवर लेख रीतीप्रमाणे झाला. आता मूळ मुद्दा.

गेल्या महिन्यात रविवारी बाईंकडे भाकरीचं पीठ कमी पडलं. कोठीच्या खोलीतून मोठा डबा आणायला मी गेलो. डबा उचलला, तर खाली एक्स-रेचं पाकीट. बाईंचा उजवा गुडघा. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी: गुडघ्यातली गादी झिजली आहे, चाला, पण पळणं आजपासून बंद, ऐकलं नाही तर शस्त्रक्रिया, आणि पुढं चालणंही राहील की नाही, सांगता येत नाही. चिठ्ठी तीन महिन्यांपूर्वीची. या तीन महिन्यांत बाई लंगडताना दिसल्या, तेव्हा म्हणाल्या, बूट चावतोय. आम्ही पळतो त्या उद्यानाच्या फाटकाशी पडल्या, तेव्हा म्हणाल्या, रस्ता उकरलाय. आमचे रस्ते बारा महिने उकरलेले असतात, म्हणून आम्ही सगळ्यांनी विश्वास ठेवला.

मी पाकीट घेऊन स्वयंपाकघरात गेलो. "बाई, हे काय?"

"जुनं हाय ते."

"तीन महिन्यांपूर्वीचं आहे."

"मग जुनंच की." त्या भाकरी थापत राहिल्या. मी हललो नाही, तेव्हा हात थांबवून म्हणाल्या, "सर, मी पळायचं सोडलं तर मंडळात माझं काय काम उरलं? माझ्यासाठी कुणी मागं वळून आलेलं मला नाही चालायचं. हे बाहेर निघू देऊ नका."

तेरा वर्षं या बाईंनी आम्हाला शेवटचं यायला शिकवलं, फुटलेली कढी पचवायला शिकवलं, माझ्या तोंडून 'माझी चूक झाली' हे शब्द काढले, आणि स्वतःचा एक गुडघा त्यांनी पिठाच्या डब्याखाली लपवला. मी तसं म्हणालो. बाई माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी डबा पाठवला. त्यात एक भाकरी होती. पूर्ण, गोल, कुठंही चीर नसलेली. वीस वर्षांत त्यांच्याकडून मला पहिल्यांदाच अशी भाकरी आली आणि ती मी एकट्यानं खाल्ली.

त्यात आमच्या सत्कार समितीची अक्कल. पळणाऱ्या बाईंचा सत्कार पळूनच व्हावा, म्हणून उद्यानाला एकसष्ट फेऱ्यांचा कार्यक्रम ठरलाय, आणि सगळ्यांच्या पुढं स्वतः बाई. त्यांनी हसत हो म्हटलंय. त्या दिवशी त्या पळाल्या, तर पुढचं आयुष्य खुर्चीत जाईल. मी महिनाभर गप्प बसलो, ही माझी दुसरी चूक. ती मी इथं छापून मान्य करतो. 'स्वतःची स्तुती मी तपासणार नाही' असं म्हणून बाईंनी या ग्रंथाची मुद्रितं वाचलेली नाहीत, आणि ग्रंथ समारंभाच्या चार दिवस आधी सगळ्यांच्या घरी पोचेल, अशी व्यवस्था मी केली आहे. बाईंच्याही. त्या चिडतील. चिडू देत. आणखी महिनाभर अखंड भाकरी खाईन.

मंडळातल्या सर्वांना माझी विनंती एवढीच, की त्या सकाळी कोणीही पळू नये. बाई पुढं नसतील, शेवटी असतील, आणि आपण नियमाप्रमाणे मागं वळून त्यांच्याकडे जाऊ. त्यांच्या गतीनं चालत एकसष्ट फेऱ्या व्हायला दुपार होईल. होऊ दे. सावलीची सोय मी पाहतो.

आणि बाई, तुमच्यासाठी. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो, आणि त्या सगळ्या वर्षांत तुम्ही आमच्या बरोबर चालत राहा. रविवारी नाश्त्याला मी लवकर येतो. पहिली भाकरी मोडली आहे, बाई. डब्याखालून काढा, वर ठेवा. एकट्यानं खायची नाही.